विमानातला देवळाचा वास

भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या एका वयस्कर माणसाने विमानाच्या शौचालयात विडी ओढली, असं म्हणून त्याला उतरल्यावर सिक्युरिटीच्या ताब्यात दिलं आणि त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला. त्याने विडी ओढली नव्हती. त्या शौचालयात धूर केला होता तो मी. कंपनीच्या गणवेशात, कामाच्या वेळेत, आणि विमान सुरक्षित आहे याची खात्री करण्यासाठी.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर कामाच्या गमती सांगता सांगता मी ते टाळेन. टाळायची सवय मला आहे.

माझं काम प्रवासी विमानांतली आग ओळखणारी यंत्रणा तपासण्याचं. विझवणारी नव्हे, ओळखणारी. हा फरक लोकांना पटत नाही. दोन हजार सालानंतर आम्ही परळ सोडून भाईंदरला गोडदेवला राहायला आलो, तेव्हा सोसायटीत माझं नाव 'फायरवाले सावंत' पडलं. एकदा खालच्या मजल्यावर गॅसच्या नळीने पेट घेतला तर लोक मला बोलवायला धावत आले. मी पोचेपर्यंत त्या घरातल्या गुजराती बेनने ओलं गोणपाट टाकून आग विझवलीसुद्धा होती. कमरेवर हात ठेवून ती मला म्हणाली, "सावंतभाई, तमे तो फायरवाळा छो ने?"

मी म्हटलं, "बेन, आग लागलीय एवढंच मी सांगू शकतो."

थट्टा सोडली तर खरं तेच आहे. पंखाखालचं इंजिन पेटलं तर वैमानिकाला ते आपल्या खुर्चीतून दिसत नाही. म्हणून इंजिनाभोवती पेन्सिलीच्या शिशाइतकी बारीक पोलादी नळी फिरवलेली असते. तिच्यात वायू भरलेला असतो. नळी तापली की वायू फुगतो, त्याच्या दाबाने टोकाची कळ दाबली जाते, आणि कॉकपिटमध्ये घंटा होऊन लाल दिवा लागतो. अशा नळ्या दोन-दोन, शेजारी शेजारी. एकीनेच बोंब मारली तर बहुधा तिचंच काहीतरी बिघडलेलं असतं. दोघींनी मारली तर आग समजायची. आम्ही त्या नळीवरून नजर आणि बोटं फिरवायचो. कुठे चेपली आहे का, वाकली आहे का, ती धरून ठेवणाऱ्या पट्टीतलं रबर झिजून पोलादावर पोलाद घासतंय का.

हे मला शिकवलं डिमेलोसाहेबांनी. माणूस उत्तनचा, अंगाने बारीक, आवाज मात्र घोगरा. कॉकपिटमध्ये बसून ते चाचणीचं बटण दाबायचे, घंटा खणखणली की डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "आमच्या चर्चची घंटा लोकांना उठवते. ही वाजली की मी झोपतो."

एक विमान आठवतं. वर चढताना त्याच्या डाव्या इंजिनाची एक नळी बिघाड दाखवायची आणि खाली उतरलं की शहाण्यासारखी वागायची. आम्ही नळीचा इशारा कॉकपिटकडे नेणारी पेटी बदलली, जोडण्या बदलल्या, वायरी तपासल्या. जमिनीवर सगळं ठीक. वैमानिक आमच्याकडे संशयाने बघायला लागले. डिमेलोसाहेब म्हणाले, "हे आमच्या उत्तनच्या बससारखं आहे. डेपोत कधी बंद पडत नाही." मग त्यांनी हवा गरम करणारं यंत्र आणून नळीचा एकेक भाग तापवला. एका पट्टीतलं रबर निघून गेलं होतं. नळी तापून किंचित लांब व्हायची आणि तेवढ्यापुरती शेजारच्या पत्र्याला टेकायची. थंड झाली की पुन्हा मागे. कागद सरकवायला जागा उरावी इतकंच ते अंतर होतं.

दुसरं एक विमान अर्ध्या वाटेवरून परत आलं. सामानाच्या कप्प्यात धूर असल्याचा इशारा. बंब उभे राहिले, प्रवासी उतरवले, कप्पा उघडला. आत फुलांचे करंडे, ओल्या गोणपाटात बांधलेले. त्यांच्या वाफेला यंत्र धूर समजलं होतं. कॅप्टन लालबुंद झाले. "मी फुलांसाठी विमान परत आणलं?"

डिमेलोसाहेब म्हणाले, "कॅप्टन, तुमच्यावर फुलं ठेवायची वेळ आली असती, त्यापेक्षा बरं."

पुढे कॅप्टन प्रत्येक उड्डाणाआधी आमच्याकडे बघून हात करायचे.

शौचालयातल्या धूर-डिटेक्टरचं प्रकरण मात्र क्षुल्लक समजलं जायचं. छतात बसवलेली हाताच्या पंजाएवढी डबी. आत एक छोटीशी अंधारी खोली आणि प्रकाशाचा एक झोत. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो आणि डबी किंचाळते. प्रवाशांना तिचा राग. आम्हाला तिच्यावर ओले टिश्यू चिकटवलेले सापडायचे, च्युइंगम सापडायचं, एकदा तर तान्ह्या बाळाचा लोकरी मोजा चढवलेला सापडला. केसांवर मारायच्या फवाऱ्यानेही ती बोंबलते.

तिची चाचणी करायला खास फवारा असतो, खोटा धूर सोडणारा. तो डबीला चिकटत नाही. पण तो फवारा स्टोअरमध्ये नेमका हवा तेव्हा नसायचा. आणि आमच्या हँगरमध्ये देवाच्या तसबिरीखालच्या कपाटात अगरबत्त्यांचे पुडे कायम असायचे. दर खंडेनवमीला आम्ही पान्यांना, मीटरांना हळदकुंकू लावून पूजा करायचो, त्यातले उरलेले. पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं माहीत नाही, पण फवारा नसला की अगरबत्ती पेटवून डबीखाली धरायची, अशी पद्धत पडली होती. पीं पीं झालं की काम झालं. विमानात पेटती काडी न्यायची नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण देवाची अगरबत्ती, तिला काडी कोण म्हणतो?

डिमेलोसाहेबांना हे अजिबात खपायचं नाही. त्यांनी मला एकदा पकडलं होतं. "सावंत, अगरबत्तीत तेल असतं. ते आत चिकटतं. आज वाजवशील, आणि मग ती डबी नको तेव्हा वाजेल. देवाला ओवाळ, डिटेक्टरला नको." मी मान डोलावली. म्हणजे मला माहीत नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही.

त्या सकाळी बंगळूरचं विमान होतं. मागच्या शौचालयाच्या डबीची चाचणी राहिली होती. स्टोअरवाला म्हणाला, "फवारे संपलेत, उद्या बघा." सफाईवाले काम आटोपून उतरले होते, शिडीच्या पायथ्याशी प्रवाशांची बस येऊन थांबली होती आणि खालून ग्राउंड स्टाफचा माणूस ओरडत होता, "झालं का? झालं का?" मी दार लावलं आणि अगरबत्ती पेटवली. डबी वाजेना. ती डबी मी आधीही दोन-तीनदा अशीच तपासली होती. मी अगरबत्ती आणखी जवळ नेली, जास्त वेळ धरली. शेवटी वाजली. टोक नळाखाली विझवलं, काडी खिशात घातली, सही केली, मागच्या दाराने उतरलो. राख पडली होती हे मला दिसलं होतं. वॉशबेसिनच्या कडेला, थोडीशी. पुसायला हात पुढे केला होता की नाही, हे मला आजही आठवत नाही. पुसली नव्हती हे नक्की.

दुसऱ्या दिवशी विमान आमच्याकडे आलं ते तक्रारीसह. उड्डाणात मागच्या शौचालयात इशारा वाजला, आतून एक वृद्ध प्रवासी बाहेर आला, वॉशबेसिनवर राख सापडली, प्रवासी नाकबूल. डबी तपासावी.

मी उघडली. आत तपकिरी चिकट थर होता. नाकाशी नेली तर चंदनाचा वास.

मी ती पुसून स्वच्छ केली. फवारे आले होते, त्यातला एक मारून रीतसर तपासली. उत्तम चालली. मी लिहिलं, "दोष आढळला नाही." दुपारी तक्रार विभागातून फोन आला. बाईंनी विचारलं, "डिटेक्टर स्वतःहून वाजू शकतो का?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. खरं सांगितलं असतं तर माझं लायसन्स गेलं असतं, हे तेव्हाचं कारण. प्रवासी घरी गेला असेल, विसरला असेल, ही समजूत. त्याचं नावगाव मी विचारलंही नाही.

ते मला कळलं पाण्याच्या टँकरमुळे. आमच्या भागात त्या वर्षांत उन्हाळ्यात नळाला पाणी यायचं नाव नसे. सोसायटी टँकर मागवायची. टँकरवाला जनार्दन, मोरव्याचा, मोठा बोलका. मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे पाइप टाकीत सोडला की तो माझ्याशी गप्पा मारत उभा राहायचा. मी विमानाचं काम करतो हे कळल्यावर तो हसायलाच लागला.

"साहेब, मग तुम्हाला आमच्या काशीकाकाचं सांगायलाच पाहिजे. फुल कॉमेडी! विमानात विडी ओढताना पकडला."

मी पाइप सरळ करायला वाकलो.

"नातीचं बारसं होतं बंगलोरला. काका-काकी पहिल्यांदा विमानात बसले, जावयाने तिकिटं पाठवलेली. काका बाथरूमला गेला आणि आत भोंगा! बाईने दार ठोकलं, माईकवरून सगळ्यांना सांगितलं, विमानात धूम्रपान करू नका म्हणून. खाली उतरल्यावर पोलीस का कोण ते घेऊन गेले. इंग्लिशमध्ये माफी लिहिली आणि काकाची सही घेतली. सुटून घरी पोचेपर्यंत बारसं उरकलेलं. पाळणा रिकामा, पाहुणे हात धुतायत."

"त्यांनी ओढली होती का?"

"आता बोला! काकाने काकीच्या डोक्यावर हात ठेवून विडी सोडलेली, माझ्या लग्नाच्या आधी. आणि थाप मारायची तर कसली मारली माहितीये? म्हणे, मी काय केलं नाय, आत देवळासारखा वास येत होता! संडासात देऊळ!" जनार्दन मांडीवर थाप मारून हसला. "गावात पोरं अजून विचारतात, काका, वास येतोय का?"

मला वाटतं मी टाकीकडे बघत होतो. "ओ साहेब, भरली ना टाकी! व्हाल्व बंद करा!" पाणी माझ्या चपलांवरून वाहत होतं.

त्यानंतर टँकर आला की मी घरातून खाली उतरायचं बंद केलं. बायकोने विचारलं, "जनाभाऊशी भांडलात का?" मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. असे दोन उन्हाळे गेले. गोडदेवहून मोरव्याला जायला रिक्षा मिळते. तेवढं अंतर मला पार करता आलं नाही.

शेवटी जनार्दनच वर आला, मुलाच्या हळदीचं आमंत्रण घेऊन. चहा पिता पिता बायकोने सहज विचारलं, तुमच्या विमानवाल्या काकांचं काय? जनार्दन या वेळी हसला नाही.

"काका देवळात येत नाही आता, वहिनी. आधी रोज सकाळी तोच झाडलोट करायचा. पोरं चिडवतात ना. आणि काकी... तो बाहेरून आला की काकी अजून त्याच्या शर्टाचा वास घेते. बोलत काही नाही. नुसता वास घेते. आम्ही मस्करी केली, पण जरा जास्तच झालं."

जनार्दन गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "एवढी वर्षं मी तुमचे गणवेश धुते. त्यांना अगरबत्तीचा वास यायचा. मला वाटायचं, पूजा करता."

रविवारी मी मोरव्याला गेलो. काशिनाथकाका अंगणात सुकट वाळत टाकून कावळे हाकत बसले होते. हातात काठी, डोक्याला टॉवेल. पूर्वी घरची मिठागरं होती, आता मुलं नोकऱ्या करतात. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "काका, त्या दिवशी विमानात आत धूर मी केला होता. यंत्र तपासायला अगरबत्ती लावली होती. राखही माझीच."

त्यांनी काठी खाली ठेवली.

"चंदनाची?"

"हो."

"हिरे!" त्यांनी घराकडे बघून जोरात हाक मारली आणि लगेच हात वर करून मलाच म्हणाले, "थांब. नको."

आतून काकींचा आवाज आला, "काय वं?"

"काय न्हाय! कावला हाय!"

मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मना एकट्याला कशाला सांगतंस? मना तं म्हाईतच हाय मी वढली न्हाय. ज्यांना म्हाईत न्हाय, त्यांना सांग."

"काकींना बोलवा, सांगतो."

"तिला एकलीला सांगशील तं ती बोलंल, यानंच पढवून आनलाय. जनाच्या पोराची हलद हाय ना? सगला गाव येल. तिथं सांग. माईकवर."

"माईकवर?"

"त्या बाईनं माईकवरच सांगितला व्हता ना?" त्यांनी काठी उचलली. एक कावळा सुकटीपर्यंत पोचला होता. "जा आता. चाय देनार न्हाय तुला. हलदीला जेव."

हळदीच्या आधी कंपनीत सांगणं भाग होतं, आणि ते योग्यही होतं. मी लेखी दिलं. प्रवाशाकडून माफीनामा घेतला होता तो रद्द करावा, असंही लिहिलं. माझी सही करण्याची परवानगी काढून घेतली आणि मला काही महिने स्टोअरमध्ये बसवलं. तिथे गेल्यावर मी पहिलं काम केलं ते फवाऱ्यांची मागणी नोंदवण्याचं. त्यानंतर निदान माझ्या काळात तरी ते संपले नाहीत. कपाटातल्या अगरबत्त्यांचंही मी लिहून दिलं म्हणून हँगरमधल्या पोरांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते मी समजू शकतो. डिमेलोसाहेब तोवर निवृत्त होऊन उत्तनला राहत होते. त्यांना फोन केला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "तेल चिकटतं म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"हो साहेब."

"मग आता हळदीला जा."

हळद संध्याकाळची होती. मोरव्यात मांडव घातलेला, बेंजोवाले जोरात, नवरा मुलगा डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. बायकांच्या घोळक्यात हिराकाकी गाण्याच्या ओळी सांगत होत्या आणि बाकीच्या उचलत होत्या. काशिनाथकाका अगदी मागे, खांबाला टेकून खुर्चीत बसलेले. त्यांनी मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. माझ्या बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी जनार्दनला म्हटलं, मला दोन शब्द बोलायचेत. तो खूश झाला. त्याने बेंजो थांबवला आणि माईक घेऊन ओरडला, "ऐका, ऐका! आपल्या टँकरच्या सोसायटीचे सेक्रेटरी, विमानवाले सावंतसाहेब, नवऱ्या मुलाला शुभेच्छा देणार!"

टाळ्या झाल्या. पोरांमधून कोणीतरी ओरडलं, "विमानवाले? काशीकाकाला पुढं आना, वास घ्यायला!" मोठा हशा झाला. माईक माझ्या हातात कुंईं करून वाजला. हिराकाकी हळदीचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "नवऱ्या मुलाला माझे आशीर्वाद आहेत. पण मी दुसरंच सांगायला आलोय. मी विमानातलं धुराचं यंत्र तपासतो. काशिनाथकाका ज्या विमानात बसले, ते मी तपासलं होतं. त्या दिवशी शौचालयात अगरबत्ती मी पेटवली. नियमात ते बसत नव्हतं. राख माझी होती, यंत्र वाजलं ते माझ्यामुळे. काका म्हणाले, देवळासारखा वास येत होता. ती थाप नव्हती. विमानातल्या एवढ्या माणसांत खरं बोलले ते काकाच. मला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. लायसन्स वाचवण्यासाठी. बारसं चुकलं ते माझ्यामुळे, गाव हसला तो माझ्यामुळे. काका, मला माफ करा. काकी, तुमच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्यांनी मोडलेली नाही. मी तुमचीही माफी मागतो."

हिराकाकी घोळक्यातून उठल्या, मागच्या खांबापाशी गेल्या आणि हळदीचा हात त्यांनी काकांच्या गालाला लावला.